बाईंची भिंत

“आणि तरी पडली तर?”

बाईंशी झालेलं कोणतंही बोलणं शेवटी ह्या प्रश्नावर येऊन थांबायचं. तुम्ही त्यांना कितीही जाड सळई दाखवा, कितीही घट्ट जाळी दाखवा, त्या नीट ऐकून घ्यायच्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या आणि मग भिंतीलाच ऐकू जाईल की काय अशा बारीक आवाजात विचारायच्या, “आणि तरी पडली तर?” ह्याचं उत्तर कुठल्याच दुकानदाराकडे नसतं. तुमच्याकडे असेल तर मला जरूर कळवा.

मी तेव्हा सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत लोखंडी सामानाच्या दुकानात काउंटरवर उभा राहत असे. बहात्तरचा दुष्काळ मागे पडून दोन-तीन वर्षं झाली असतील. सिमेंट परमिटवर मिळायचं आणि ज्याच्या त्याच्या तोंडी बांधकाम अडल्याच्या तक्रारी असायच्या. दुकानाचे मालक अण्णा. कपाळावर भस्माचे पट्टे, मराठी बोलता बोलता कानडीत शिरायचे आणि परत यायला विसरायचे. त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकू नको, त्याला काय पाहिजे ते ओळख. मला ते बऱ्यापैकी जमायचं. बाईंच्या बाबतीत मात्र मी सपशेल आपटलो.

आषाढात केव्हातरी त्या आल्या. ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, हातात काळी छत्री. म्हणाल्या, “जाळी दाखवा.”

“खुराडं केवढं आहे?” मी विचारलं.

“खुराडं न्हाय वो, भित हाय,” त्या एका दमात म्हणाल्या. मग थांबल्या, पदर सारखा केला आणि पुस्तकातलं वाक्य वाचावं तसं म्हणाल्या, “मला भिंतीच्या आत घालण्याची जाळी हवी आहे. माझा शिशुवर्ग आहे.”

हे मला पुढे कळत गेलं. बाई मूळच्या सांगोल्याकडच्या, वडील मेंढरं राखायचे. शिकून बाई झाल्या तसं त्यांनी बोलणंही इस्त्री करून घेतलं होतं. पण भ्याल्या की इस्त्री मोडायची. त्या किती घाबरल्या आहेत हे त्यांच्या तोंडून ‘हाय’ येतंय की ‘आहे’ येतंय यावरून मी ओळखू लागलो. त्या वर्षी ‘हाय’च फार ऐकलं.

अण्णा गल्ल्यावरून म्हणाले, “भिंतीत जाळी? उद्या भज्यात खिळे घाला म्हणतील.” दुकानातले सगळे हसले. मीही हसलो, मालक हसवतात तेव्हा हसावं लागतं. बाई हसल्या नाहीत. “तुमी एकदा येऊन बघा की,” एवढंच म्हणाल्या.

मोजमाप घ्यायला म्हणून मी गेलो. विणकरांच्या वस्तीत एक लांबट खोली होती, ती शाळा चालवणाऱ्या संस्थेनं भाड्यानं घेतलेली. पुढे रस्ता, मागे जरासं अंगण आणि अंगणात खारट पाण्याची विहीर. डाव्या अंगाची भिंत शेजारच्या मागवाल्याशी सामाईक. ही भिंत विटेच्या लांबीएवढी नव्हे, नुसत्या रुंदीएवढी जाड. म्हणजे साडेचार इंच. पलीकडे यंत्रमाग चालू होते. खटक-खटक, खटक-खटक. अलीकडे चिमुरडी पोरं त्या भिंतीला पाठ लावून ‘येरे येरे’ म्हणत होती आणि मागाच्या ठेक्यावर आपोआप डुलत होती. आधी मला गंमत वाटली. मग मी भिंतीवर तळवा ठेवला. भिंत अंगात ताप भरल्यासारखी थरथरत होती.

खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत एक तडा गेला होता. त्या तड्यावर बाईंनी पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या खळीनं आडव्या चिकटवल्या होत्या, लाल, पिवळ्या, हिरव्या. मला वाटलं, वर्गाची सजावट.

“सकाळी शाळा भरताना चिकटवते,” बाई म्हणाल्या. “आता बघा.”

बहुतेक पट्ट्या मध्यावर, तड्याच्या रेषेत, फाटल्या होत्या.

मी पोरांकडे बघितलं, पुन्हा पट्ट्यांकडे बघितलं. त्या दिवसापर्यंत मला भिंत म्हणजे भिंत होती, खिळे ठोकायची जागा. घरी गेलो आणि जेवायच्या आधी आमच्या तान्ह्या मुलीचा पाळणा भिंतीपासून लांब ओढला. बायकोनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, वारा लागेल.

संस्थेच्या लोकांनी बरीच हो-नाही करून त्या एका भिंतीला होकार दिला. जुनी पाडायची, नवी सिमेंटमध्ये बांधायची. पण रुंदी वाढवायला जागा नव्हती, मागवाला एक बोटही सोडायला तयार नव्हता. तेव्हा भिंत तेवढीच बारीक राहणार. अशा बारीक भिंतीला दर तिसऱ्या थरात जाळीची पट्टी घातली तर विटा एकमेकींना धरून राहतात, हलल्या तरी सुट्या होऊन अंगावर येत नाहीत, हे बाईंनी कोणा इंजिनियरकडून ऐकलं होतं. आता प्रश्न एवढाच होता की जाळी कोणती. एवढाच, म्हणजे आषाढ ते आश्विन.

आमच्याकडे तीन तऱ्हा होत्या. एक कोंबडीची जाळी, सहा कोनांची, मऊ, गुंडाळली की चटईसारखी गुंडाळणारी. दुसरी पत्रा चिरून ओढलेली, कडांना धार असलेली. तिसरी चौकोनी, तारेवर तार ठेवून वेल्डिंग केलेली, वर जस्ताचा मुलामा. बाईंनी तिन्ही जाळ्या लुगडं निवडावं तशा निवडायला घेतल्या. उजेडात धरल्या, ओढल्या, वास घेतला, एकदा तर तार दाताखाली धरून बघितली. अण्णा म्हणाले, “बाई, चव कशी आहे?” बाई गंभीरपणे म्हणाल्या, “खारट.”

त्यांना गंजाची भीती होती. सोलापूरचं विहिरीचं पाणी खारं, गवंडी तेच पाणी सिमेंट-वाळूच्या मालात ओतणार, आत तार गंजणार, आणि वरून भिंत नवरीसारखी रंगवलेली दिसणार. “आतलं कुजल्यालं भाईरून दिसत न्हाय, त्येचंच तर भ्या हाय,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी अंगणात तीन लुटुपुटीच्या भिंती बांधून घेतल्या, गुडघ्याएवढ्या, प्रत्येकीच्या पोटात वेगळी जाळी. श्रावण-भादवा त्या भिंतींवर विहिरीचं पाणी शिंपडण्यात गेला. पोरांना तो खेळच झाला. मी दुकानातून निघालो की त्या बाजूनं घरी जाऊ लागलो. ती वाट लांबची होती. अण्णांना वाटलं, माझं काहीतरी बिनसलंय.

एकदा त्या तीन भिंतींसमोर उभं असताना मी विचारलंच. मनात ठरवून टाकलं होतं की ह्या बाईंच्या आयुष्यात काहीतरी भयंकर घडलेलं असणार, कोणीतरी दबून गेलेलं असणार. तुम्हालाही तसंच वाटत असेल.

“बाई, पूर्वी कधी काही झालं होतं का?”

“काय व्हायचंय?”

“म्हणजे भिंत पडून कोणी...”

“न्हाय की. कुणीच न्हाय.” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “सगळे हेच इचारत्यात. कोणतरी मेल्याशिवाय भ्यायची परवानगी न्हाय का?”

मग त्या आपणहून बोलल्या, “आमच्या कळपात एक भित्री मेंढी असायची. पान हललं तरी उठायची. थोरला भाऊ म्हणायचा, ही विकून टाकू, बाकीच्यांना झोपू देत न्हाय. दादा, म्हंजे वडील, म्हणायचे, हीच ठेवायची. लांडगा आला की हिलाच आधी कळतंय.” एवढं सांगून त्या झारी घेऊन पुन्हा पाणी शिंपडायला लागल्या.

सर्वपित्रीच्या सुमारास तिन्ही भिंती फोडल्या. कोंबडीच्या जाळीचं पार भुसकट झालं होतं, बोटात धरली तर लाल पूड हातात आली. चिरलेल्या पत्र्याच्या कडा गंजून फुगल्या होत्या आणि भोवतीचा माल फुटला होता. चौकोनी जाळी जवळजवळ होती तशी होती, आणि तिच्या भिंतीला मी लाथ मारली तेव्हा ती अख्खीच्या अख्खी आडवी झाली, वीट सुटली नाही. मला इतका आनंद झाला की मी बाईंसमोर नाचायचाच राहिलो.

“आणि तरी पडली तर?” बाई म्हणाल्या.

मागवाला घटस्थापनेनंतर काही दिवस माग बंद ठेवायला कबूल झाला होता. ओल्या मालाला हादरा बसला की तो धरत नाही, त्यामुळे भिंत बांधायची तर माग बंद असतानाच बांधायला हवी, आणि माग बंद राहतात ते खंडेनवमी-दसऱ्यालाच. ही वेळ हुकली की पुढचं वर्ष. हे सगळं बाईंना पाठ होतं. तरी जाळी उचलायच्या शेवटच्या दिवशी त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, “अजून एकदा बघू या का? पुण्याला दुसरी कुठली मिळत आसंल.”

अण्णा उठून गल्ल्याबाहेर आले. ते कधी उठत नसत. त्यांनी चौकोनी जाळीचं भेंडोळं बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

“बाई, तुम्हाला दोन भीत्या आहेत. ही जाळी चुकेल ही एक. जुनी भिंत पोरांच्या मागं तशीच राहील ही दुसरी. धाकटी कुठली, तेवढं सांगा. तिला घरी घेऊन जा.”

बाईंनी भेंडोळ्यावर हात ठेवला. मी कात्री घेतली आणि त्यांचं मन बदलायच्या आत पट्ट्या कापायला लागलो.

गवंडी माळशिरसकडचा होता, हाताचा वेगवान आणि तोंडाचा त्याहून. त्याची पद्धत अशी की कोरड्या विटेवर जाळी टाकायची आणि वरून माल लोटायचा. बाई पालथ्या घमेल्यावर बसून राहिल्या आणि दर थराला म्हणाल्या, आधी खाली माल, मग जाळी, मग वर माल, तार उघडी नको, टोकं आडव्या भिंतीत शिरू द्या. दुपारपर्यंत गवंड्यानं थापी खाली ठेवली. “बाई, तुमी बांधा, मी पोरांना कविता शिकवतो.” पण बाई उठल्या नाहीत आणि त्यानं पुढचे थर त्या म्हणतील तसे घातले.

भिंत दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुरी झाली आणि तेव्हा बाईंना कळलं की सकाळी मागवाला मुहूर्त करणार. पूजा झाली की सगळे माग थोडा वेळ चालवायचे, अशी त्यांची रीत. नाही चालवले तर वर्षभर धंदा रडतो. भिंत तर अजून बोटाला ओली लागत होती.

दसऱ्याच्या सकाळीच बाई मला घेऊन शेजारी गेल्या. मागांना झेंडूच्या माळा घातलेल्या, हळद-कुंकू लावलेलं, ऊद जळत होता. मागवाला हात जोडून म्हणाला, “बाई, तुमचं सगळं ऐकलो. आठ दिवस बंद ठेवलो. पण मुहूर्त सोडायला सांगू नका. पाप लागतंय की.”

“पोरांवर पडली तर कुणाला लागंल?”

तो चिडला नाही, कावराबावरा झाला. खरं तर तोही भ्यालेला होता, फक्त त्याची भीती वेगळ्या दिशेला तोंड करून उभी होती. दोघं एकमेकांसमोर उभे, मध्ये मी, आणि मला दोघांचंही पटत होतं. तेवढ्यात आतून त्याची म्हातारी आई आली. तिला मराठी समजायचं, पण ती बोलायची तेलुगूतच. मुलाला दोन शब्द सुनावून तिनं पडवीतल्या जुन्या हातमागावरचं पोतं ओढून काढलं. “मग्गम,” ती त्यावर हात आपटून म्हणाली, हाच माग. आणि स्वतः मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसली. मागवाल्यानं मुकाट्यानं तिच्या मागाला कुंकू लावलं. म्हातारीनं धोटा फेकला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. बाई धावत आपल्या खोलीत गेल्या आणि नव्या भिंतीला कान लावून उभ्या राहिल्या. भिंत गप्प होती.

झालं, आता बाई निवांत होतील असं मला वाटलं. पण पुढच्याच आठवड्यात त्या दुकानात आल्या. “ती एक झाली. पण बाकीच्या तिन्ही मातीत बांधल्याल्या हायेत.”

संस्थेनं कानावर हात ठेवले. मग पुढच्या पावसाळ्यात बाईंनी आपल्यापुरता तोडगा काढला. आभाळ भरून आलं की त्या रस्त्याकडच्या बस्करपट्ट्या रिकाम्या करायच्या आणि सगळ्या पोरांना मागाकडच्या नव्या भिंतीला चिकटवून बसवायच्या, दाटीवाटीनं, मांडीला मांडी लावून. पालक कुरकुरले. संस्थेचे एक गृहस्थ येऊन म्हणाले, बाई, अर्धी खोली रिकामी ठेवून शाळा चालवता का? बाई म्हणाल्या, “व्हय.”

भाद्रपदात झड लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी मला दुकानात चैन पडेना. अण्णांना म्हटलं, जाऊन येतो. त्यांनी कुठे म्हणून विचारलं नाही. मी वस्तीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा आवाज आला. मोठा नव्हता. पोतं टाकल्यासारखा, दबका.

शाळेची रस्त्याकडची भिंत नव्हती. तिच्या जागी चिखल, विटा आणि पाऊस. खोली पेटी उघडावी तशी रस्त्यावरून सबंध दिसत होती. रिकाम्या बस्करपट्ट्या ढिगाखाली गेल्या होत्या, एका पाटीची चौकट तेवढी वर आली होती. आणि समोर, नव्या भिंतीला चिकटून, सगळी पोरं. धुळीनं पांढरी झालेली, एकही रडत नव्हतं. त्यांच्यापुढे बाई दोन्ही हात पसरून उभ्या. भिंतीपलीकडे माग चालूच होते, मागवाल्याला काही ऐकूच गेलं नव्हतं. मी पोरं मोजायला लागलो आणि दर वेळी माझा आकडा चुकत होता. बाई म्हणाल्या, “सगळी आहेत.” ‘आहेत’ म्हणाल्या.

नंतर काय झालं ते तुम्ही ओळखाल. नारळ आले, हार आले. कुरकुरणाऱ्या आया बाईंच्या पाया पडल्या. संस्थेला एकाएकी तिन्ही भिंती बांधायचं सुचलं. अण्णांनी जाळी स्वतः पोचवली. बाईंनी ती उलगडूनही बघितली नाही. म्हणाल्या, “चांगलीच असेल.” मला ते कसंसंच वाटलं.

दिवाळीनंतर त्या दुकानात आल्या, हातात पेढ्यांचा पुडा. राजीनामा दिला होता. सांगोल्याला भावाकडे जाणार म्हणाल्या.

“का हो बाई? आता तर सगळं नीट झालं.”

त्यांनी अण्णा आत जाईपर्यंत वाट बघितली. “मला आता भीती वाटत नाही,” त्या म्हणाल्या. अगदी शुद्ध, स्वच्छ बोलल्या. “त्या दिवशी जी गेली ती गेली. परवा एक मुलगा विहिरीच्या काठावर चढला होता. वाकून आत बघत होता. मी समोर उभी होते. मी नुसती बघत होते. आतून काही हललंच नाही. मागवाल्याची आई ओरडली, तिनं त्याला ओढलं.” त्या थांबल्या. “अशा बाईच्या ताब्यात कोणी पोरं द्यावीत का? तुम्हीच सांगा.”

मी म्हणालो, येईल पुन्हा. भीतीच ती, जाईल कुठे? त्यांनी माझ्याकडे अशा मायेनं बघितलं की जणू शिशुवर्गात मी होतो.

एसटी स्टँडवर त्यांना सोडायला मीच गेलो. ट्रंक टपावर चढवली. बाईंना खिडकीची जागा मिळाली. पावसाळा संपला तरी आभाळ आलं होतं. वाटेत पाऊस लागेल, जपून जा, असं काहीतरी मी खिडकीखालून सांगत होतो. उत्तर आलं नाही म्हणून टाचा उंचावून बघितलं, तर बाईंना झोप लागली होती. गाडी अजून हललीही नव्हती. स्टँडवर कंडक्टरच्या घंट्या, हमालांची ओरड, आणि त्या तोंड किंचित उघडं टाकून, चष्मा नाकावर घसरलेला, शांत झोपल्या होत्या. इतकी गाढ झोपलेली मोठी माणसं मी फार बघितलेली नाहीत.

मला त्यांना हलवून उठवावंसं वाटलं. उठवलं नाही. गाडी गेली.

दुकानात परत जायचं होतं. पण शाळेत त्या दिवशी नवी बाई आली होती, पोरगेली, हसरी, आणि पोरं मधल्या सुट्टीत अंगणात सुटली असणार. मला दरदरून घाम फुटला. मी जवळजवळ पळतच वस्तीकडे निघालो. विहिरीच्या तोंडावर जाळी बसवायची होती आणि तिचं माप कोणीच घेतलेलं नव्हतं.